कुत्र्यांचा वाटा

दुधनीपासून आत, ओढ्याकाठच्या काळ्या रानात राजेसाबचं शेत होतं. ज्वारी निघाली की दर वर्षी बिरप्पा आपली मेंढरं घेऊन तिथं मुक्कामाला यायचा. मेंढरं रात्री रानात बसली की रानाला खत मिळतं, त्याच्या बदल्यात शेतकरी मेंढक्याला धान्य देतो, ही सगळीकडचीच रीत. राजेसाबच्या रानात मात्र वर एक रीत होती, ती त्याच्या बायकोने, सरदारबीने घातलेली. मेंढक्याची ज्वारी देऊन झाली की ती बिरप्पाच्या दोन कुत्र्यांसाठी वेगळ्या फडक्यात थोडी ज्वारी बांधायची आणि म्हणायची, "ही तुमची न्हवं. ही करड्याची आन् भिवरीची. ह्यातली भाकर तुमी खाल्ली तर पोट दुखंल, सांगून ठेवते."

यंदा मेंढरं यायची होती त्या दिवशी ती बांधावरच उभी होती. हातात जर्मनची थाळी, थाळीत दुधात कुस्करलेली भाकरी. ही थाळी वर्षभर बांधावरच्या बाभळीला टांगलेली असायची. कुत्र्याचं नाक कपड्याला लागलं तर सरदारबी नमाजाआधी कपडे बदलायची, घराच्या उंबऱ्यावर कुत्र्याला चढू द्यायची नाही. पण बांधावर ती दोघांच्या पुढ्यात उकिडवी बसून, ताट पुसलं जाईपर्यंत हलायची नाही.

दुरून धूळ दिसली तशी तिने हाक दिली, "करड्याऽऽ! भिवरेऽऽ!"

घोड्याची दोरी धरून पुढं चालणारी बिरप्पाची बायको ईरम्मा जागच्या जागी थांबली. मागचं घोडं तिच्या खांद्यावर नाक घासून उभं राहिलं. मेंढरं आली, शेळ्या आल्या, शेवटी काठी खांद्यावर आडवी टाकून बिरप्पा आला. सरदारबी त्याच्या मागं बघत राहिली.

"कुटं हायत माजी?"

बिरप्पाने घोंगडी झटकली. "म्हातारी झाल्यात ओ मामी. चालवत न्हाय. गावाकडं ठेवलीत, मल्हारपाशी."

मल्हार त्यांचा मुलगा. तो गावाकडं होता हे खरं होतं. तेवढंच खरं होतं.

"भिवरी म्हातारी?" सरदारबी हसली. "गेल्या साली तर सशामागं ओढ्यापलीकडं गेली व्हती!"

खळ्याकडून राजेसाब लंगडत आला. "वरीस मोठं आसतंय ग. म्हातारा तर मी बी झालोय, मला कुटं ठेवतीस?"

"तुमाला ठिवून घ्यायला कोन तयार हाय?" सरदारबी म्हणाली, आणि थाळी तशीच हातात धरून ईरम्माकडं वळली. "बरी हायत न्हवं गे? खात्यात न्हवं?"

ईरम्माने मान हलवली. व्हय म्हणून हलवली की नुसतीच, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. सरदारबीने मात्र ते व्हय धरलं आणि दुधभाकरी नेऊन घोड्यापुढं ठेवली. घोड्याने हुंगून मान फिरवली.

"बग, त्याला बी कळतंय कुनाची हाय ते," राजेसाब म्हणाला, आणि दोघं नवराबायको हसली.

ईरम्माचा नेम होता. लग्न होऊन बिऱ्हाडासोबत चालायला लागली तेव्हापासूनचा. उजाडायच्या आत अंघोळ, घोड्यावर वाहून आणलेल्या, देव ठेवलेल्या पाटीपुढं भंडारा, मग चूल. तव्यावरची पहिली भाकरी कुत्र्यांची. कुत्रं मल्हारी देवाचं, त्याच्या आधी आपण तोंडात घास घालायचा नाही, हे तिला आईने सांगितलं होतं. आजारपणात, पावसात, बाळंतपणातही तो नेम मोडला नव्हता. भाकरीचे दोन तुकडे करायची. करड्या आपला तुकडा घेऊन लांब जाऊन खायचा. भिवरी समोर बसून खायची आणि खाऊन झाल्यावर तिच्या हाताकडं अशी बघायची, की अजून एक तुकडा द्यावा लागायचा.

दिवाळीनंतर कुत्री नव्हती. नेम चालूच होता. पहिली भाकरी ती पदराखाली घेऊन, बिरप्पा उठायच्या आत, लांबच्या एखाद्या दगडावर ठेवून यायची. कावळे खात असतील, नाहीतर मुंगसं. दोन तुकडे करायची सवय हाताची सुटत नव्हती.

राजेसाबच्या रानात पहिल्या सकाळी ती तशीच निघाली तर बांधावर सरदारबी. रोजे चालू होते; पहाटेची सहेरी खाऊन ती शेतावरच्या शेळ्या सोडायला आली होती.

"कुनाला घेऊन चाललीस भाकर?"

"नेम हाय अक्का."

"कुत्री तर गावाकडं."

ईरम्माने पदर पुढं ओढला. सरदारबीचा चेहरा मऊ झाला. "आटवण येत आसंल. येनारच. पोटच्या पोरावानी हायत ती." ती जवळ आली. "मला तर ते शेळीचं पिल्लू आजून दिसतंय बग. वळवाच्या पावसात हरवलेलं. मी रडत बसले, हे म्हनत व्हते कोल्ह्यानं नेलं, सोड नाद. आन् तुजी भिवरी आली. चिखलानं भरलेली. मानगूट तोंडात धरून, पन एक दात लागू दिला न्हाय. ती शेळी हाय आजून माज्याकडं. चार वेतं झाली तिला."

"व्हय," ईरम्मा म्हणाली.

"कळपातलं काय मागं राह्यलं तर तिला बसवत नव्हतं. जित्तं आसू दे, मेल्यालं आसू दे. आनून तुमच्या पायापाशी ठेवायची. आसं जनावर मानसांत बी न्हाय."

ईरम्माच्या पदराखालची भाकरी गरम होती. पोटाला चटका बसत होता, तरी तिने ती हलवली नाही.

सरदारबीला माहीत नव्हतं, की तिने बोट ठेवलं ते नेमकं त्याच जागेवर.

दिवाळीनंतर बिऱ्हाड माढ्याकडं होतं, उसाच्या रानांच्या कडेला. लांडगा लागला. एका आठवड्यात कोकरांमागून कोकरं गेली. बिरप्पाचा बाप असता तर म्हणाला असता, लांडग्याचा वाटा त्याने नेला, उरलं ते आपलं. मेंढक्यांत हे असंच चालत आलेलं. लांडग्यामागं कुत्री सोडायची, काठी घेऊन धावायचं, शिव्या घालायच्या. पण विष घालायचं नाही. रानात घातलेलं विष कुणाचं तोंड बघून थांबत नाही, असं म्हातारे सांगत.

पण एके दिवशी लांडग्याने नेलेल्यात पाळण्यात ठेवावं असं एक पांढरं कोकरू होतं, आणि रस्त्याकडेच्या दुसऱ्या मेंढक्याने हसून विचारलं होतं, "बिरप्पा, कुत्री राखनीला हायत का पंगतीला?" ते त्याला लागलं. संध्याकाळी त्याने उसावर मारायचं औषध कुठून तरी आणलं. आजारानं मेलेलं एक कोकरू होतं, त्यात ते घातलं.

ईरम्मा बघत होती. "नगं," ती म्हणाली. एकदाच म्हणाली, आणि तेही तिच्या आवाजात. तिचा आवाज मुळातच लहान. चुलीपुढं बसलेल्या माणसाला ऐकू जाईल एवढाच. बिरप्पाने ऐकलं की नाही, हे तिने वर बघून पाहिलं नाही. परत म्हणाली नाही. देवाच्या पाटीपुढं दिवा लावायचा होता, तो लावायला ती उठली.

बिरप्पाने कोकरू ओढ्यात नेऊन टाकलं. दोन्ही कुत्री घोड्याच्या खुंटीला बांधली. आयुष्यात कधी बांधली नव्हती, ती रात्रभर कण्हत राहिली. पहाटे मेंढरं बुजली. कशाने, देव जाणे. भोवती बांधलेलं वाघराचं जाळं पाडून ती ओढ्याकडं उधळली. बिरप्पा झोपेतून उठला, आणि मेंढका जे करतो तेच त्याने केलं. कुत्री सोडली आणि तोंडात दोन बोटं घालून शीळ मारली.

ओढ्याची आठवण त्याला शीळ मारून झाल्यावर आली.

कुत्र्यांनी मेंढरं वळवून आणली. एकही मागं राहिलं नाही. मग भिवरी परत ओढ्यात गेली, कारण तिच्या हिशेबाने एक राहिलं होतं. बिरप्पा ओरडत धावला, पण ती त्याच्याकडंच येत होती. तोंडात ते कोकरू, पाय जमिनीवर घासताहेत. जड होतं म्हणून दुसरीकडून करड्याने धरलेलं. दोघांनी ते आणून त्याच्या पायापाशी ठेवलं आणि शेपटी हलवत उभी राहिली.

उन्हं वर यायच्या आत दोघं गेली.

त्या दिवसापासून बिरप्पाने शीळ मारली नव्हती. मेंढरं वळवायची तर तो धावायचा, दगड मारायचा, घसा फाटेपर्यंत ओरडायचा. वाटेत कुणी विचारलं तर सांगायचा, गावाकडं ठेवलीत. आपल्याच हाताने आपली कुत्री मारणाऱ्या मेंढक्याला कोण रानात बोलावणार? एवढंच नव्हतं ते. नुसतं 'मेली' म्हटलं तरी पुढं 'कशानं' येतं, आणि त्या शब्दापर्यंत जायची त्याची छाती नव्हती. भिवरी नि करड्या ही नावं बिऱ्हाडात कुणी घेत नव्हतं. धड रडूनही झालं नव्हतं. चोरानं रडायचं कसं?

बांधावर भेट झाली त्याच दुपारी सरदारबीने ज्वारी पाठवली, आणि सोबत फडक्यात बांधलेला वाटा. गावाकडं कुणी जाणारं असलं तर देऊन पाठवा, असा निरोप.

ईरम्माने ते गाठोडं घोड्याच्या खोगिरावर ठेवलं, तिथून उचलून घोंगडीवर ठेवलं, शेवटी देवाच्या पाटीशेजारी ठेवलं. तिथं तर ते आणखीच दिसायला लागलं.

"परत देऊन येऊ का वो?" तिने विचारलं.

"काय म्हनून?"

"खरं काय हाय ते म्हनून."

बिरप्पा काठी तासत होता. विळा थांबला. "तुला लई खरं सुचाया लागलं? काल मान कुनी हलवली? म्या?"

तिने गाठोड्याची गाठ आणखी आवळली.

"ज्वारीत मिसळून टाक," तो म्हणाला. मग दुसरीकडं बघत, "नगं. राहू दे तितंच."

दुसऱ्या दिवशी उन्हं कलायला लागली तशी राजेसाब आणि सरदारबी शेताकडं आली. मागं त्यांच्या शेळ्या. ईरम्मा वाघराचं जाळं बांधत होती, बिरप्पा खुंट्या ठोकत होता. मेंढरं धसकटांत पांगलेली.

"बिरप्पा," राजेसाब लांबूनच म्हणाला, "ओढ्याला लांडगं दिसलं म्हनं काल. शेळ्या तुज्या वाघरात ठेव. आन् काम केलंय बग मी एक. आपला पुतन्या मोईन उद्या पिकअप घिऊन मंगळवेढ्याकडं चाललाय. येताना तुज्या गावावरनं ये म्हटलंय. दोगांना घिऊन येतोय. म्हातारी आसली तरी नुस्ती बसू द्यात की बांधावर. त्यांच्या वासानंच लांडगं फिरकायचं न्हाय."

"मी त्यांच्यासाटी पोतं बी काढून ठेवलंय अंगाखाली," सरदारबी म्हणाली. उपासाने तिचे ओठ सुकले होते, पण चेहरा फुलला होता. "फोन लाव मल्हारला. बांदून ठेव म्हनावं."

बिरप्पाच्या हातातला दगड तसाच राहिला.

"न्हाईत ती मामी," तो म्हणाला. "गेली."

"कुटं गेली?"

"गेली. म्हातारपनानं. तुमाला वाईट वाटंल म्हून परवा बोललो न्हाय."

सरदारबी बांधावर बसली. पदर तोंडाला लावला. राजेसाबने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. शेळ्या एकमेकींना ढुशा देत होत्या.

"दोगं बी?" राजेसाबने विचारलं.

"दोगं बी."

"एकाचं दुसऱ्यावाचून व्हनारच न्हवतं," सरदारबी रडत म्हणाली. "मला म्हाईत हाय. करड्या तिच्या मागनं गेला आसंल." तिने डोळे पुसले आणि बिरप्पाकडं बघितलं. त्या बघण्यात इतकी माया होती, की ईरम्माला खाली बघावं लागलं. "तू व्हतास न्हवं रे जवळ? तुज्या हातानं पानी पाजलं आसशील शेवटी. मुक्या जनावराला तेवडंच कळतंय, मालक जवळ व्हता. नशीबवान म्हनायची. तुज्यासारका मालक मिळाला त्यास्नी."

बिरप्पा उभा होता. त्याने तोंड उघडलं. ईरम्माला वाटलं, आता हा बोलेल. तो म्हणाला, "व्हय. पाजलं."

तेवढं तिला सोसवलं नाही. पाणी त्याने पाजलं नव्हतं. करड्या तहानेने तडफडत त्याच्याकडं सरकत होता आणि हा मागं मागं सरत होता, दोन्ही हात पाठीमागं लपवून, जणू हातांना अजून काही लागलेलं होतं. पाणी तिने ओतलं होतं, आणि ते तोंडातून तसंच बाहेर आलं होतं.

"न्हाय अक्का," ईरम्मा म्हणाली.

सरदारबीला ऐकू आलं नाही. ती नाक पुसत होती. ईरम्माने जाळ्याची दोरी खाली टाकली.

"न्हाय अक्का!" आता तिघांनीही वळून बघितलं. एवढा आवाज तिच्यात आहे हे तिलाही माहीत नव्हतं. "म्हातारपनानं न्हाय. इखानं मेली. आमीच घाटलं व्हतं, लांडग्याला. मेल्या कोकरात. भिवरीनं ते कोकरू आनून ह्यांच्या पायाशी ठेवलं. तुमचं शेळीचं पिल्लू आनलं व्हतं तसंच. खाल्लं सुदिक न्हाय तिनं."

"ईरे!" बिरप्पा म्हणाला. ओरडला नाही, विनवल्यासारखं म्हणाला.

"ह्यांचं एकट्याचं न्हाय. मी बगत व्हते. येकदा नगं म्हटलं आन् दिवा लावाया उटले."

सांगून झालं. हलकं वाटेल असं तिला वाटलं होतं, तसं काही झालं नाही. उलट आता ते चौघांच्या मध्ये पडलेलं होतं आणि उचलायला कुणी पुढं येत नव्हतं.

सरदारबीचे डोळे कोरडे झाले. "आन् मी म्हनले नशीबवान," ती स्वतःशीच म्हणाली. मग बिरप्पाला, "रोज्याच्या तोंडानं मी तुला दुवा दिली रे. तू घेतलीस बी."

बिरप्पाची मान खाली गेली ती वर आली नाही.

"मेंढरं!" राजेसाब एकदम उठला. "आरं मेंढरं बग!"

इकडं कुणाचं लक्ष नव्हतं तेवढ्यात मेंढरं शेजारच्या रानाला लागली होती. तिथं उशिरा पेरलेला हिरवागार गहू उभा. पुढची दोन-चार बांध चढली, मागची सगळी त्यांच्या मागं. अंतर एवढं, की धावून पोचेपर्यंत पीक आडवं झालं असतं.

बिरप्पाने बोटं तोंडात घातली आणि शीळ मारली.

लांब, मध्येच तुटून परत वर जाणारी. तीच. मारून झाल्यावर तो स्वतःच दचकला. बोटं तोंडातून काढून त्याने धोतराला पुसली.

गव्हाच्या कडेला मेंढरांच्या माना वर आल्या. सगळ्यांच्या, एकदम. पुढच्या मेंढीने डावीकडं बघितलं. करड्या नेहमी डावीकडून यायचा. मागच्या उजवीकडं वळून आत दबल्या. तिकडून भिवरी टाचा धरायची. मग कुणी हाकलल्यासारखी ती बांधावरून खाली उतरली, एकमेकींना चिकटत, अंग आखडत, आणि धावत माघारी आली. कोकरंसुद्धा. वाघरापाशी येऊन गोळा झाली आणि ज्या बाजूने कुत्री येऊन जीभ बाहेर काढून बसायची, त्या बाजूची जागा मोकळी सोडून उभी राहिली.

त्या मोकळ्या जागेकडं चौघंही बघत राहिले.

बिरप्पा मटकन खाली बसला. घोंगडी ओढून त्याने तोंडावर घेतली. घोंगडीच्या आतून आवाज येत होता. तो रडण्याचा होता आणि माणसांसमोर रडायची लाज वाटण्याचाही. राजेसाब त्याच्याकडं एक पाऊल गेला, थांबला, आणि शेळ्यांकडं वळला.

"शेळ्या मी घरी बांधतो," तो म्हणाला. रागाने म्हणाला नाही. तेच जास्त लागलं. गेल्या साली ह्याच शेळ्या वाघरात घालून तो निर्धास्त घरी जाऊन झोपायचा.

ईरम्मा पाटीपाशी गेली, फडक्यातलं गाठोडं घेऊन आली आणि सरदारबीपुढं ठेवलं. "सोडलं न्हाय अक्का. जसंच्या तसं हाय."

सरदारबीने ते उचललं. थोडा वेळ हातात तोललं. "पुढल्या साली..." ती म्हणाली, आणि उठली. मगरीबची, रोजा सोडायची वेळ होत आली होती. तिने बाभळीवरची थाळी काढली, पदराने पुसली आणि बांधावर, दर वर्षी ठेवायची त्या जागी ठेवली. रिकामीच. मग शेळ्यांमागून दोघं नवराबायको गेली. त्या संध्याकाळी बिऱ्हाडाला राजेसाबच्या घरून रोज्याचा खजूर आला नाही. आदल्या दिवशी आला होता.

सकाळी उजाडायच्या आत ईरम्माने अंघोळ केली, पाटीपुढं भंडारा वाहिला. हात जोडले, पण मागणं काही सुचलं नाही. पहिली भाकरी तव्यावरून काढली, दुसरी बिरप्पापुढं ठेवली. पहिली पदराखाली घेतली नाही. उघड्या हातात धरून बांधावर गेली, दोन तुकडे केले आणि थाळीत ठेवले. मागं चुलीपाशी बिरप्पा बसला होता. तिला त्याची पाठ दिसत होती. पलीकडं राजेसाबच्या घरात दिवा लागला होता, दार उघडं होतं.

ती एकदा खाकरली. मग रानात सगळ्यांना ऐकू जाईल अशी, भसाड्या, सवय नसलेल्या आवाजात तिने हाक मारली, "करड्याऽऽ! भिवरेऽऽ!"

वाघरात मेंढरं उठून उभी राहिली. चुलीपाशी बिरप्पाची पाठ हलली. तो वळला नाही. हात लांब करून त्याने फक्त आपल्या पुढ्यातली भाकरी बाजूला सरकवली. त्या दोघांचं खाऊन होईपर्यंत तो थांबणार होता.